लिनक्सवर मदरबोर्डची आरजीबी: आधी कुठला दिवा कुठल्या वायरवर आहे ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन पीसी असेंबल केलाय. गिगाबाइटचा बी५५० चिपसेटचा बोर्ड, जी.स्किलची ट्रायडेंट झी निओ रॅम, कॅबिनेटला पुढे तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे. लिनक्स मिंट टाकलंय, विंडोज ठेवायचं नाही. रात्रभर खोलीत रंग फिरत राहतात, रूममेटची झोप मोडते. पीसी बंद केला तरी बोर्डचा एक कोपरा उजळलेलाच राहतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ओपनआरजीबी हा दिवे चालवणारा प्रोग्राम घेतला तर त्यात उपकरणांची यादी रिकामी. कुणी म्हणतं सुडोने (म्हणजे रूट, सर्वाधिकारी युजर म्हणून) चालव, आणि एका मित्राने ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) ‘एसीपीआय एन्फोर्स रिसोर्सेस’ला ‘लॅक्स’ करायला सांगितलंय. करू का?

लॅक्सचं उत्तर आधीच देतो: आत्ता नको. कदाचित कधीच लागणार नाही. का, ते पुढे सांगतो.

लिनक्स मशीन जोडून देणं हे माझं रोजचं काम. आरजीबीची तक्रार आली की मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकच गोष्ट विचारतो: नेमका कुठला दिवा? कारण तुमच्या कॅबिनेटमध्ये आरजीबी नावाची एक यंत्रणा नाहीये. तीन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि त्यांचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नाही. बोर्डवरचे दिवे एका छोट्या कंट्रोलर चिपवर चालतात आणि ती चिप बोर्डच्या आतल्या आत यूएसबीला जोडलेली असते. रॅमच्या पट्ट्यांवर त्यांची स्वतःची चिप असते आणि तिच्याशी एसएमबस नावाच्या वेगळ्याच तारेवरून बोलावं लागतं. पंखे बोर्डच्या हेडरला (पिनांच्या जोडाला) जोडलेले असतील तर बोर्डची चिप त्यांना चालवते, नाहीतर ते कॅबिनेटच्या हबवर असतात आणि लिनक्सला (विंडोजलाही) त्यांचा पत्ताच नसतो. लॅक्स हा तोडगा या तिन्हींपैकी फक्त एसएमबसशी संबंधित आहे, आणि तोही ठरावीक अडचणीपुरता. तुमची यादी रिकामी येण्याचं कारण बहुधा वेगळंच आहे.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा. तुम्हाला रोज रंग बदलायचे आहेत, की दिवे एकदाचे बंद किंवा एका मंद रंगावर स्थिर करायचे आहेत? तुमचं लिहिणं वाचून मला दुसरं वाटतं. तसं असेल तर अर्धं काम बायोसमध्येच, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येच होतं.

पीसी चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, ॲडव्हान्स्ड मोड घ्या, सेटिंग्जमध्ये मिसलेनियस. गिगाबाइटच्या या पिढीच्या बोर्डांत तिथे साधारण दोन ओळी असतात: एक पीसी चालू असतानाच्या एलईडींसाठी, दुसरी स्लीप, हायबरनेशन आणि सॉफ्ट ऑफ अवस्थेतल्या एलईडींसाठी. दुसरी ओळ ऑफ केली की बंद पीसीचा तो उजळलेला कोपरा विझायला हवा. तो उजळतो कारण पीसी ‘बंद’ असला तरी पॉवर सप्लाय पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो. पॉवर बटण दाबल्यावर मशीन जागं होतं ते तिच्याच जोरावर. ती ओळ तुमच्या बायोसमध्ये नसेल तर प्लॅटफॉर्म पॉवरमध्ये ईआरपी हे वीज वाचवणारं सेटिंग शोधा आणि चालू करा. त्याने स्टँडबायचा वापर अगदी कमी होतो आणि दिवेही जातात. पण मग कीबोर्ड-माउसने पीसी सुरू करणं आणि नेटवर्कवरून जागा करणं चालणार नाही. खोलीत एकच मशीन असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

ओळींची नावं आणि जागा बायोसच्या आवृत्तीनुसार थोड्या बदलतात. असूसच्या बोर्डांत हेच ऑनबोर्ड डिव्हाइसेस कॉन्फिगरेशनमध्ये सापडतं. मला हा रस्ता आवडतो कारण ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही टाका, अपडेट कितीही करा, सेटिंग बोर्डमध्येच राहतं. पण रॅम आणि हबवरचे पंखे याला जुमानतीलच असं नाही.

आता लिनक्सच्या बाजूने बघू. टर्मिनल उघडा आणि ‘एलएसयूएसबी’ चालवा. जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी येईल. इथे गिगाबाइटवाल्यांचा एक हमखास घोळ होतो: ते यादीत ‘गिगाबाइट’ शोधतात, सापडत नाही, आणि आपल्या बोर्डला लिनक्सचा आधार नाही असं समजून सोडून देतात. गिगाबाइट ही चिप आयटीई या तैवानी कंपनीकडून घेतं आणि यादीत तिचं पूर्ण नाव ‘इंटिग्रेटेड टेक्नॉलॉजी एक्सप्रेस’ असं उमटतं. ती ओळ दिसली की तुमच्या बोर्डचा दिवे-कंट्रोलर लिनक्सला दिसतोय, एवढं नक्की झालं. असूसच्या बोर्डावर तिथे ‘ऑरा एलईडी कंट्रोलर’ दिसतं, एमएसआयवर ‘मिस्टिक लाइट’, एएसरॉकवर ‘एलईडी कंट्रोलर’. बी५५० च्या काळातले बहुतेक बोर्ड असे यूएसबीवाले आहेत. त्याआधीच्या काही बोर्डांत ही चिप एसएमबसवर किंवा सुपर आयओ चिपच्या पोटात असायची, तिथे गोष्ट वेगळी होते.

चिप दिसते, तरी ओपनआरजीबीची यादी रिकामी का? मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तुम्ही बहुधा फ्लॅटपॅक (सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) घेतलंय. लिनक्समध्ये साध्या युजरला असल्या उपकरणावर थेट लिहिता येत नाही. तशी परवानगी यूडेव्हचे नियम देतात. फ्लॅटपॅक स्वतःच्या कुंपणात राहतं, सिस्टीमच्या यूडेव्ह फोल्डरमध्ये नियमांची फाइल ते टाकू शकत नाही. म्हणून प्रोग्राम उघडतो, सगळं व्यवस्थित दिसतं आणि यादी कोरी. दोन उपाय आहेत. ओपनआरजीबीच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम बसवणारी छोटी स्क्रिप्ट दिलेली असते, ती एकदा चालवायची. किंवा फ्लॅटपॅक काढून तुमच्या आवृत्तीला चालणारं डेब पॅकेज घ्यायचं, त्यात नियम सोबतच येतात. मी डेब पसंत करतो, कारण पुढे ऑटोस्टार्ट आणि स्क्रिप्ट करताना फ्लॅटपॅकची लांबलचक कमांड आडवी येते. नियम बसल्यावर पीसी एकदा रीस्टार्ट करा. यूडेव्ह नुसतं रीलोड करूनही भागतं, पण रीस्टार्टनंतर शंका उरत नाही.

सुडोने चालवा हा सल्ला मी कुणालाच देत नाही. यादी भरेल, हे खरं. पण तुम्ही जतन केलेली प्रोफाइल मग रूट युजरच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी ऑटोस्टार्टमधून तुमच्या नावाने प्रोग्राम सुरू झाला की त्याला ती प्रोफाइल सापडत नाही, आणि ‘सेटिंग टिकत नाही’ ही नवीन तक्रार सुरू होते. शिवाय दिवे बदलण्यासाठी अख्ख्या ग्राफिकल प्रोग्रामला मशीनच्या किल्ल्या देणं मला पटत नाही.

एवढं झालं की बोर्डचे दिवे तुमच्या हातात येतील. पहिली चाचणी पांढऱ्या रंगाने करू नका, लाल द्या. लाल मागितल्यावर हिरवं आलं तर घाबरू नका. पट्टीतल्या एलईडी कुठला रंग आधी वाचतात याचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. पांढऱ्यात हा घोळ लपून राहतो आणि मग प्रत्येक मंद नारिंगी हिरवट का दिसतो म्हणून माणूस हैराण होतो.

आता रॅम. इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण इथे नुकसान होऊ शकतं.

एसएमबस ही बोर्डवरची एक हळू, सामाईक तार आहे. रॅमचे दिवे त्याच तारेवर, आणि रॅमची एसपीडी चिपही त्याच तारेवर. एसपीडीमध्ये ती पट्टी किती जीबीची, कुठल्या वेगाची, तिचं टायमिंग काय हे लिहिलेलं असतं आणि पीसी सुरू होताना बायोस तेच वाचून रॅम चालू करतं. एसपीडीचे पत्ते हेक्समध्ये ५० ते ५७. ट्रायडेंट झी निओवर दिव्यांसाठी ईएनई कंपनीची चिप आहे आणि सुरुवातीला सगळ्या पट्ट्यांची ही चिप एकाच पत्त्यावर, ७७ वर, ऐकत असते. दोन पट्ट्यांना वेगळं ओळखायचं तर प्रत्येकीला नवा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे रंग बदलायच्या आधी, नुसत्या ओळखीसाठीच या तारेवर लिहावं लागतं. ओपनआरजीबी हे समजून-उमजून करतं. पण इंटरनेटवरून उचललेली एखादी कमांड चुकीच्या पत्त्यावर लिहिते, आणि एसपीडी बिघडली तर पट्टी बायोसला ओळखू येत नाही. आयटूसी-डिटेक्ट हे साधन तर तार चाचपण्याआधी स्वतःच बजावतं की हा प्रोग्राम बस गोंधळात टाकू शकतो, माहिती नष्ट होऊ शकते आणि त्याहून वाईटही घडू शकतं. ही ओळ उगाच लिहिलेली नाही. २००० च्या सुमारास लिनक्सच्या सेन्सर वाचणाऱ्या साधनांनी अशीच तार चाचपताना आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमधली ईईप्रॉम (माहिती साठवणारी चिप) बिघडली होती आणि ते लॅपटॉप सुरू होईनासे झाले होते.

म्हणून माझा रिवाज असा. आयटूसी-टूल्स हे पॅकेज बसवायचं, ‘आयटूसी-डेव्ह’ हे मॉड्यूल मॉडप्रोबने चढवायचं आणि आयटूसी-डिटेक्टला फक्त तारांची यादी मागायची. त्यासाठी स्मॉल एल हा पर्याय आहे. यादी मागण्याने कशाला धक्का लागत नाही. तुमच्या एएमडी बोर्डावर ‘एसएमबस पीक्स४ ॲडॉप्टर पोर्ट ०’ अशी ओळ दिसली पाहिजे, शेवटी ०बी००. पीक्स४ हे नाव नव्वदच्या दशकातल्या इंटेलच्या चिपचं आहे. एएमडीची एसएमबस त्याच ड्रायव्हरवर चालते, तेव्हा ते नाव बघून आपण चुकीच्या जागी आलो असं वाटून घेऊ नका. इंटेलच्या बोर्डावर त्याऐवजी आय८०१ दिसतं.

ती ओळ दिसली, ओपनआरजीबी पुन्हा उघडलं आणि रॅमच्या दोन पट्ट्या यादीत आल्या, तर काम झालं. आयटूसी-डेव्ह कायमचं चढवण्यासाठी मॉड्यूल्स-लोड फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल पुरते. लॅक्सची गरज नाही.

मग लॅक्स कधी लागतं? काही बोर्डांच्या बायोसने एसएमबसचा पत्ता एसीपीआयमध्ये (बायोस ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देतं त्या तक्त्यांत) स्वतःच्या नावावर राखून ठेवलेला असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते बघतं आणि ड्रायव्हरला त्या पत्त्यावर जाऊ देत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तेव्हा स्पष्ट ओळ येते: अमुक सिस्टीम आयओ रेंज अमुक ऑपरेशन रीजनशी ‘कॉन्फ्लिक्ट’ होते. लॅक्स केलं की कर्नल हा नकार मागे घेतं आणि ड्रायव्हर चालू होतो. बहुतेक मशीनवर पुढे काही होत नाही, म्हणूनच हा सल्ला इतका सर्रास दिला जातो. पण कर्नलचा नकार विनाकारण नव्हता. बायोसचा कोड आणि लिनक्सचा ड्रायव्हर एकाच वेळी त्या तारेवर आले तर एकाने निवडलेल्या पत्त्यावर दुसऱ्याचं लिखाण जाऊ शकतं. शिवाय लॅक्स फक्त आरजीबीपुरतं लागू होत नाही, सगळ्याच ड्रायव्हरांना ती मोकळीक मिळते. तापमान आणि पंख्यांचा वेग सांभाळणारेही त्यात आले. म्हणून डीमेसेजमध्ये ती ओळ असेल आणि रॅमचे दिवे खरोखरच घालवायचे असतील, तरच लॅक्स. आणि ते केल्यावर तापमानाचे आकडे उड्या मारताहेत का, स्लीपमधून मशीन नीट उठतंय का, यावर काही दिवस लक्ष ठेवा. जरा जरी विचित्र वाटलं तर काढून टाका.

याच कारणासाठी आणखी एक सवय सुचवतो. ओपनआरजीबीच्या सेटिंग्जमध्ये त्याला ओळखता येणाऱ्या उपकरणांची लांबलचक यादी असते, प्रत्येकासमोर टिकची चौकट. तुमच्या वस्तू एकदा सापडल्या की बाकीच्या टिक काढून टाका. प्रोग्राम लवकर उघडतो आणि तुमच्याकडे नसलेल्या वस्तूंसाठी तारा चाचपत बसत नाही. या कंपन्या आपला प्रोटोकॉल सहसा जाहीर करत नाहीत. विंडोजवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालवून यूएसबीवरून काय जातं ते टिपायचं आणि त्यावरून अर्थ लावायचा, असं स्वयंसेवकांनी हे सगळं उभं केलंय. अर्थ चुकण्याची किंमत या प्रकल्पाने मोजलीय: सुरुवातीच्या काळात त्यांच्या एमएसआयच्या कोडमुळे काही बोर्डांचा आरजीबी कंट्रोलर निकामी झाला होता. त्यांनी ते लपवलं नाही, प्रभावित बोर्डांसाठी तो कोड बंद केला आणि ही गोष्ट स्वतःच्या माहितीपानावर लिहून ठेवली. मला या प्रकल्पाबद्दल विश्वास वाटतो तो या प्रामाणिकपणामुळे. त्याचाच दुसरा अर्थ असा की अगदी ताजा बोर्ड घेणाऱ्याने थोडं थांबावं. तुमचा बी५५० जुना आणि भरपूर वापरलेला आहे, ते तुमच्या पथ्यावर पडतं.

पंख्यांचं सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा. पंख्याची दिव्यांची वायर कुठे जाते ते बोटाने मागे मागे जात बघा. तीन शक्यता आहेत. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा ‘ऑटो आरजीबी’ पंखे असतात: वायर थेट मोलेक्सला (पॉवर सप्लायच्या जोडाला), रंग पंख्यातच ठरलेले. त्यांना जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आवरू शकत नाही. काहींत दिव्यांचा जोड वेगळा असतो, तो काढता येतो. नसेल तर पंखा बदलणं हाच उपाय. दुसरी शक्यता हबची: सगळे पंखे एका हबवर आणि हब कॅबिनेटवरच्या बटणाला. बहुतेक हबवर ते बटण थोडा वेळ दाबून धरलं की दिवे बंद होतात. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर इथेच थांबा. त्या हबमधून तीन पिनांची आणखी एक वायर निघत असेल तर ती बोर्डला जोडून ताबा बोर्डकडे देता येतो. तिसरी शक्यता म्हणजे ते आधीच बोर्डवर आहेत.

जोडताना एक गोष्ट जिवापाड जपा. बोर्डवर दोन प्रकारचे हेडर असतात. एक चार पिनांचं, १२ व्होल्टचं, ज्यावर सगळी पट्टी एकाच रंगाची होते. दुसरं पाच व्होल्टचं, चारच्या जागेत तीन पिना आणि एक जागा रिकामी. यावर प्रत्येक एलईडी वेगळी चालते. गिगाबाइट पहिल्याला ‘एलईडी_सी’ आणि दुसऱ्याला ‘डी_एलईडी’ म्हणतं. पाच व्होल्टचे पंखे १२ व्होल्टच्या हेडरला लागले तर एलईडी जळतात, आणि ते परत येत नाहीत. जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात मागे घ्या आणि बोर्डावरची छापील अक्षरं टॉर्चने वाचा. हे सगळं पीसी बंद करून, मागचा स्विचही बंद करून.

पाच व्होल्टच्या हेडरवर किती एलईडी आहेत हे बोर्डला कळत नाही, कारण त्या तारेवरून माहिती एकाच दिशेने जाते. म्हणून ओपनआरजीबीत त्या झोनचा आकार, म्हणजे त्या हेडरवरच्या एलईडींची संख्या, तुम्हाला द्यावी लागते. तोवर झोन शून्य एलईडीचा असतो आणि पंखे हलत नाहीत. ‘पंखे चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं इथेच अडलेलं असतं. तीन पंखे एकामागून एक साखळीत असतील आणि प्रत्येकावर आठ एलईडी असतील तर आकडा २४. पण हब तोच सिग्नल तिघांना वाटत असेल तर आकडा आठच, आणि तिघे एकसारखे दिसतील. कमी आकडा दिला तर उरलेल्या एलईडी शेवटचा मिळालेला रंग धरून बसतात. तुम्हाला बंदच करायचंय, तेव्हा थोडा जास्त आकडा देऊन काळा रंग द्या.

टिकवण्याबद्दल. ओपनआरजीबीत ज्या उपकरणासाठी ‘सेव्ह टू डिव्हाइस’ बटण उजळतं तिथे ते दाबा. रंग चिपमध्येच राहील. उरलेल्यांसाठी प्रोफाइल जतन करा आणि मिंटच्या स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये ओपनआरजीबी त्या प्रोफाइलच्या नावासह टाका. पीसी स्लीपमधून उठल्यावर दिवे पुन्हा मूळ रंगावर जाण्याची शक्यता आहे, कारण मधे काही चिपांची वीज जाते. त्यासाठी सिस्टमडीच्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवतात; उठताना तिला ‘पोस्ट’ हा शब्द मिळतो आणि तेव्हाच ती रंग पुन्हा देते. ही स्क्रिप्ट रूटच्या नावाने चालते, म्हणून तिच्यात प्रोफाइलचं नाव देऊ नका, मोड आणि रंग थेट लिहा. काळा म्हणजे सहा शून्यं.

रंग देता देता एखादी चिप अडून बसली आणि कशालाच दाद देईना, तर नुसत्या रीस्टार्टने उपयोग होत नाही, कारण स्टँडबायची वीज चालूच असते. पीसी बंद, मागचा स्विच बंद, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि थोड्या वेळाने चालू करा. बहुतेक वेळा चिप भानावर येते.

आधी बायोसमधलं करून बघा, मग झाकण उघडून पंख्यांची वायर बघा. तरीही काही उरलं तर इथेच तीन गोष्टी लिहा: बोर्डवर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन, एलएसयूएसबीमधली आयटीईची ओळ, आणि डीमेसेजमध्ये ‘कॉन्फ्लिक्ट’ शब्द असलेल्या ओळी. त्यावरून लॅक्स लागेल की नाही ते अंदाजाने नाही, नक्की सांगता येईल.